स्पर्धकासाठी अकरा प्रश्न

५ फेब्रुवारी

ताई,

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, आत्या बरी आहे, कुणाला काही झालेलं नाही. हे कामाचं पत्र आहे. सोबत एक छापील कागद आहे, त्यावर अकरा प्रश्न आहेत. उत्तरं लिहून तोच कागद परत पाठवायचा. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय, म्हणजे तुला खर्च नको.

कारण सांगते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी एक वर्ग भरतो. छोटा व्यवसाय कसा सुरू करायचा, त्याची आखणी कशी करायची, हे शिकवतात. आठ शनिवार. मी नाव घातलंय. शिकवणाऱ्या बाईंची बेकरी होती, ती बुडाली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की चालली असती तर मी इथे कशाला आले असते, कसं बुडतं ते मला नीट माहीत आहे, तेच शिकवणार. मला त्या आवडल्या. आम्ही नऊजण आहोत. माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवाल्या बाईंना लोकांच्या कुत्र्यांना घरी जाऊन आंघोळ घालायचा धंदा काढायचाय. त्यांच्याकडे स्वतःचं कुत्रं नाही, पण आत्मविश्वास आहे.

तू म्हणशील, दुकान आहेच, मग सुरू काय करायचंय. बाबांचे हात गेलं वर्षभर थरथरताहेत. सुईत दोरा ओवता येतो, पण सुई कापडात हवी तिथे उतरत नाही. रफूचं सगळं काम आता माझ्याकडे आहे. आणि जागा आत्याची. तिने सरळ सांगितलंय, मार्चअखेर तू एकटी हे कसं चालवणार ते मला कागदावर दाखव, नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाल्याला देते. तो दोनदा येऊन भिंती मोजून गेलाय. दुसऱ्या खेपेला माझ्या खुर्चीमागची भिंत मोजायची होती, तर मला उठायला लावलं. मी उठले. तू उठली नसतीस.

आखणीच्या वहीत एक पान स्पर्धकांसाठी असतं. आपल्या भागात दुसरं रफूचं दुकान नाही. बाई म्हणाल्या, मग लांबचा शोधा, हेच काम करणारा आणि तुमच्यापेक्षा बरा चाललेला. मी तुझा पत्ता लिहिला. कागदावर 'नातं' असा रकाना नाही, म्हणून ते कुठे लिहिलं नाही.

पत्ता वर्तमानपत्रातल्या तुझ्या फोटोखाली होता. कोपरावर लाल दोऱ्याचं जाळं विणलेला सदरा हातात धरून तू हसते आहेस. फाटलेलं लपवायचं कशाला, असं तू म्हटल्याचं छापलंय. बाबांनी तो कागद खडूच्या खणात ठेवलाय. मला वाटलं होतं ते चिडतील.

जे झालं ते झालं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. दहा दिवसांत उत्तर आलं तर बरं, नाहीतर माझं ते पान कोरं राहील.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

कागद मिळाला. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं, वर एक शब्द नाही. माझं तिकीट सोलून आत ठेवलंस आणि पाकिटाला स्वतःचं लावलंस, तेही कळलं.

दिवसाला किती गिऱ्हाइकं, या प्रश्नाला तू 'पुरेशी' लिहिलंस. बाईंनी त्यावर लाल पेनने 'किती?' असं लिहून मला परत दिलं, जणू चूक माझी. तुमची मोठी उणीव कोणती, याला तू 'घाई' असं लिहिलंस. ते वाचून मी कागद उपडा ठेवला आणि दुपारपर्यंत सरळ केला नाही. तुझ्यात घाई कधीच नव्हती. माझा जीव टांगणीला लागायचा इतकी तू सावकाश होतीस. हे उत्तर तू कुणासाठी लिहिलंस?

आणि नववा प्रश्न. तुमचा सर्वांत मोठा स्पर्धक कोण? तू लिहिलंस, बाबा. मी नव्हे. बाबांना सुई धरता येत नाही हे तुला माझ्याच पत्रातून कळलं होतं, तरी बाबा. खोटं कशाला सांगू, मी तो प्रश्न सगळ्यांत आधी वाचला होता.

आम्हाला आणखी एक काम दिलंय. आपल्या वीस गिऱ्हाइकांशी बोलायचं, पण काही विकायचं नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं. बाई म्हणतात गप्प बसणं हाच या शिक्षणातला अवघड धडा. मला सोपा गेला. वीसपैकी तेराजणांनी माझा प्रश्न संपायच्या आत तुझी चौकशी केली. औषधाच्या दुकानातल्या काकांनी तर डोळे मिटून तुझ्या हाताची आठवण काढली. समोरच्या शिंपीकाकांना माझा चेहरा दिसला असावा, कारण ते घाईने म्हणाले, "तुझंही बरं असतं गं." त्या एका 'ही'वर मी आठवडा काढला.

वर्गात प्रत्येकाने आपले आकडे वाचून दाखवायचे होते. मी वाचलं, तेराजणांनी मोठीची चौकशी केली. बाईंनी विचारलं, ही मोठी म्हणजे कोण? मी म्हटलं, स्पर्धक.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू डावखुरी, म्हणून तुला शिकवताना बाबा तुझ्या समोर बसायचे. तू आरशात बघितल्यासारखं त्यांच्या हातात बघायचीस. मी उजवी, म्हणून मला शेजारी बसवायचे. सगळं शिक्षण होईतो तुला बाबांचा चेहरा दिसत होता आणि मला त्यांचं कोपर. टाका चांगला पडला की त्यांच्या भुवया वर जातात, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

उत्तरांबद्दल आभार. हे आभार बाईंनी पाठवायला सांगितलेत.

धाकटी


१२ मार्च

ताई,

मी एक लबाडी केली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे एक चष्मेवाली बाई तपकिरी कोट घेऊन आली होती. बाहीवर इस्त्रीने जळालेलं छिद्र होतं. तिला मी पाठवलं होतं. वर्गात याला बाजाराचा अभ्यास म्हणतात. मी बाईंना तीनदा विचारलं, ही फसवणूक नाही ना? तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, तुम्ही धंद्याआधी झोपेचं बघा. छिद्र मात्र खरं होतं, ते मी पाडलेलं नाही.

माझं गणित असं होतं. तू त्यावर पिवळ्या नाहीतर लाल दोऱ्याचं काहीतरी विणून देशील, मी ते घरी आणून बाबांसमोर ठेवीन आणि म्हणेन, बघा, आता ती हे करते. आपलं काम विसरली ती. मला बाबांच्या तोंडून एकदा ते ऐकायचं होतं.

चष्मेवाल्या बाई परत आल्या आणि सांगायला लागल्या, तर थांबेचनात. म्हणाल्या, तुमच्या स्पर्धकाने कोट हातात घेतला आणि आधी एकच विचारलं, "दिसावं की दिसू नये?" म्हणाल्या, मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. मग तिने दोन्ही प्रकारचे नमुने माझ्यासमोर मांडले, खुर्ची दिली आणि घाई नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं दिसू नये. तर पाच दिवस लागतील म्हणाली, धाग्याला ऊन देऊन रंग विटवावा लागेल.

ताई, मी पाच शनिवार प्रश्न कसे विचारायचे ते शिकते आहे. टिपणांची चाळीस पानं भरली आहेत. आपल्या दुकानात आजोबांपासून एकदाही कुणी गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही की तुम्हाला काय हवंय. फाटलं की लपवायचं, एवढंच. आणि तुला ते असंच, उभ्या उभ्या सुचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कोट खिडकीशी नेला. बाही उलटी केली, सरळ केली, भिंग लावलं. छिद्र कुठे होतं ते मला सापडलं नाही. मी, जिचं हेच काम आहे. शेवटी चष्मेवाल्या बाईंनी आपलं बोट ठेवून दाखवलं, इथे, आणि तरी मला शंका होती की त्या चुकताहेत.

कोट खुंटीला होता. दुपारी बाबा दुकानात आले आणि जाता जाता त्यांनी बाहीवरून हात फिरवला, ते प्रत्येक कपड्यावरून फिरवतात तसाच. दोन पावलं पुढे जाऊन परत आले. थरथरत्या बोटांनी त्यांना क्षणात सापडलं. मला म्हणाले, धागा डाव्या हाताने बंद केलाय. मग कोट मांडीवर घेऊन बसले. मी समोर तीन कामं संपवली, त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. भुवया मात्र वर होत्या. आता मी समोर बसले होते, त्यामुळे मला दिसल्या.

तीन वर्षांपूर्वी जे झालं त्याबद्दल लिहायचं नाही असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं. लिहिते.

व्हायोलिनवाल्यांचा राखाडी कोट मी केला होता. छातीवर कसरीने खाल्लेलं छिद्र होतं. तू शेजारी दुसऱ्या कोटावर होतीस आणि मला तुझ्याआधी संपवायचं होतं, दुसरं काही कारण नाही. आतल्या दुमडीतून धागे काढले आणि ऊन न देताच भरले. दिव्याखाली रंग तंतोतंत जुळला. बाकी सगळा कोट पंधरा वर्षं उन्हात विटलेला आणि माझे धागे कोरे. कार्यक्रमात ते उजेडात उभे राहिले तेव्हा छातीवर काळा ठिपका उठून दिसला. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, भरल्या दुकानात ओरडले, बाबांनी मागे वळून विचारलं, कुणी केलं हे? आणि तू म्हणालीस, "मी."

बाबा तुला सगळ्यांदेखत बोलले. आठ दिवसांनी तू बॅग भरलीस. त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू.

त्या दुपारी, तपकिरी कोट मांडीवर असताना, बाबा कापडाकडे बघत म्हणाले, "तो राखाडी कोट उजव्या हाताचा होता." त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. त्यांनी तुला एकटीला गाठून विचारलंही होतं. तू त्यांना म्हणालीस म्हणे, की मी तशीही जाणारच आहे, धाकटीला इथे राहायचंय, तिला गिऱ्हाइकांना तोंड दाखवायचंय, तुम्ही बोलू नका. ते बोलले नाहीत. तीन वर्षं तुम्हा दोघांचं हे ठरलेलं होतं आणि मी एकटी शेजारी बसून कोपर बघत होते.

तुझे उपकार मानायला हवेत, हे मला कळतं. मनापासून प्रयत्न करून पाहिला. पण खरं लिहायचं तर आधी मनात आलं ते असं, की चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर. गुन्हा माझा, तोही तू माझ्याहून छान केलास.

कोट परत दिला आहे.

धाकटी


१ एप्रिल

ताई,

काल आत्यासमोर आखणी मांडली. जेवणाचं टेबल पुसून वही मध्ये ठेवली, एका बाजूला आत्या, एका बाजूला बाबा. आत्या चष्मा लावून सोळा पानं ओळ न् ओळ वाचत गेली. सहाव्या पानापर्यंत तिचं तोंड कडू होतं. जाहिरातीच्या पानावर म्हणाली, केलेलं काम दिसत नाही ही तुमची फुशारकी, मग लोकांना दाखवणार काय, डोंबल? वर्गातही याच पानावर बाई डोकं धरून बसल्या होत्या.

मग तिने सातवं पान उलटलं. तिथे लिहिलंय, प्रत्येक गिऱ्हाइकाला कपडा हातात घेतल्यावर विचारायचं, दिसावं की दिसू नये. दिसणाऱ्या कामाचे नमुने दर्शनी खिडकीत टांगायचे. ते बघून जो आत येईल त्याला न दिसणाऱ्या कामाबद्दल सांगायचं. आत्याने ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बाबांकडे बघून म्हणाली, हिला अक्कल आहे रे. मोबाइलवाल्याला ती आजच नाही म्हणून कळवणार होती.

बाबांनी विचारलं, "हे कुणी सुचवलं?"

मी म्हणाले, "मी."

तोंडातून शब्द गेला आणि मला तुझा आवाज ऐकू आला. तू तो शब्द माझ्यावरचं घेण्यासाठी वापरला होतास. मी तुझं घेण्यासाठी. बाबांनी मान खाली घातली आणि टेबलावरचा नसलेला दोरा उचलायला लागले.

जागा मला मिळाली आहे. आनंद व्हायला हवा, तो अजून आलेला नाही. आज सकाळी मोबाइलवाला दारावरून गेला तेव्हा मी उगाच उठून उभी राहिले.

धाकटी


१२ एप्रिल

ताई,

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी मी आत्याला आणि बाबांना खरं सांगितलं. सातवं पान तुझं आहे, कोट मी पाठवला होता, सगळं. राखाडी कोटाचंही आत्याला सांगितलं, तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, एवढी पापभीरू पोर धंदा काय करणार, गिऱ्हाइकालाच सांगेल की समोर स्वस्तात मिळतं. मग म्हणाली, जागेचं मी आता काही बोलत नाही, तुझा बाप ठरवेल.

बाबांनी ठरवलं. त्यांना तुला लिहायचं होतं, पण पेन धरवत नाही. त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगत गेले, मी लिहीत गेले. ते पत्र सोबत आहे. त्यात चारच वाक्यं आहेत. पहिल्यात ते म्हणतात की तेव्हा मी गप्प राहायला नको होतं. दुसऱ्यात म्हणतात की तपकिरी कोटाचं काम माझ्या हातूनही झालं नसतं. तिसऱ्यात, ये. चौथ्यात, दुकान तुझं आहे, धाकटी तुझ्या हाताखाली करेल.

शेवटचं वाक्य सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पूर्णविराम दिला आणि वाचून दाखवलं.

ते पत्र मी नऊ दिवस माझ्याजवळ ठेवलं. बाबा रोज विचारायचे, उत्तर आलं का, आणि मी म्हणायचे, टपालाला वेळ लागतो. म्हणजे आणखी नऊ लबाड्या. या नऊ दिवसांत मी चौथं वाक्य गाळून पत्र पुन्हा लिहून पाहिलं. अक्षर माझंच, तुला कळलं नसतं. नंतर 'तुझ्या हाताखाली' काढून 'तुझ्याबरोबर' घातलं. ते इतकं छान बसत होतं, की मीच दचकले. दोन्ही कागद फाडले. सोबत आहे ते पहिलंच, त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द.

वर्ग संपलाय, तरी शनिवारी वाचनालयात जाऊन मी बाईंना विचारलं, स्पर्धक आपल्यापेक्षा चांगला असेल आणि तो आपल्याच दुकानात यायचा असेल, तर आखणीत ते कुठल्या पानावर लिहायचं? त्या म्हणाल्या, माझ्या बेकरीत असा कुणी आला असता तर मी आज इथे नसते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण मी त्याला येऊ दिलं असतं का, ते विचारू नका.

म्हणून हे माझ्याकडून. बाबांचं पत्र त्यांचं, हे माझं. तू येऊ नयेस असं मला वाटतं. तू आलीस की तेराचे वीस होतील. समोरची खुर्ची तुझी होईल आणि बाबा पुन्हा तुझ्या टाक्याकडे बघत बसतील. हे दुकान मला माझं म्हणून हवंय, आणि मी त्यासाठी आठ शनिवार गेले होते. व्हायोलिनवाल्यांना मात्र मी काल जाऊन सांगून आले की तो कोट माझा होता. त्यांना आठवतही नव्हतं. म्हणाले, तो कोट केव्हाच देऊन टाकला, बाई. पण तुला त्यांच्यासमोर उभं राहावं लागलंच तर आता अडचण नाही.

आणि तुझं काम मला शिकायचंय. विशेषतः ती बाही. हेही खरं आहे आणि आधीचंही खरं आहे, दोन्हीतलं एक काढून टाकता येत नाही, मी प्रयत्न केला.

हे टाकायला आता जाते आहे. येणार असशील तर कोणत्या दिवशी ते आधी कळव. दुकान दहाला उघडतं, तू त्याआधी ये. दार उघडायला मीच असेन, आणि तोंड नीट करायला मला थोडा वेळ लागतो.

धाकटी